सत्तर डॉलर आणि सूझाफोन

आधी कबुली देतो, मग बाकीचं.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या शाळांसाठीच्या करवाढीवर मतदान झालं तेव्हा मी विरोधात मत दिलं. मुलगा नववीत, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये. मुलगी अकरावीत, शाळेच्या क्वायरमध्ये. दोघंही त्याच कराच्या पैशांवर शिकत होते, तरी दिलं. मतदानाच्या तीनच दिवस आधी, शनिवारी, मी बँडच्या हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेत थंडीत कुडकुडत मैदानावर मारिंबा ढकलत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोस्ट लांबलीय, सवडीने वाचा.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळच्या एका उपनगरात राहतो. मुलगा बँडमध्ये जाणार असं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बँडात? वरातीत वाजवणार?" तिचं चुकलं नाही. आपल्याकडे बँड म्हटलं की लग्न, नाहीतर पोलीस. इथे मात्र शुक्रवारी संध्याकाळी शाळेची फुटबॉलची मॅच असते, मध्यंतरात शंभरेक मुलं वाद्यं घेऊन मैदानात उतरतात आणि वाजवता वाजवता चालत आकृत्या करतात. सात-आठ मिनिटांचा खेळ. त्यासाठी ऑगस्टच्या उन्हात दोन आठवडे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच सराव. पार्किंगच्या डांबरावर फुटबॉलच्या मैदानासारख्या रेषा मारलेल्या असतात. पाच यार्डांत बरोबर आठ पावलं टाकायची, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. माझा मुलगा, जो स्वतःची पाण्याची बाटली घरात कुठे ठेवली ते सांगू शकत नाही, तो कुठल्या तालाला कुठल्या रेषेपासून किती पावलांवर उभा असायला हवा याची पन्नासेक ठिकाणं पाठ करून आला.

त्याच्याकडे सूझाफोन आला. अंगाभोवती वेटोळं घालून डोक्यावर भलंमोठं तोंड उघडणारं ते पितळी वाद्य. हे वाद्य विकत घ्यायचं तर हजारो डॉलर लागतात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट लोक दुकानातून महिन्याच्या भाड्याने आणतात, पण सूझाफोन कुठले आईवडील आणतील? तो शाळेचाच असतो. वर्षाच्या सुरुवातीला एक फॉर्म भरायचा, त्यावर वाद्याचा नंबर, आईवडिलांची सही, झालं. पोरगं वर्षभर ते खांद्यावर घेऊन फिरतं. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड १९३६पासून मैदानावर ‘ओहायो’ हा शब्द वळणदार इंग्रजी अक्षरांत चालत चालत लिहितो आणि त्यातल्या ‘आय’वरचा टिंब एक सूझाफोनवाला देतो. इथल्या प्रत्येक सूझाफोनवाल्या मुलाच्या डोक्यात तो टिंब असतो. आमच्याकडेही होताच.

मी लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत होतो. तिथेही बँडपथक होतं. दोन बिगुल, चार ढोल, एक मोठा ड्रम. पीटीचे सर शिकवायचे. मला ढोल वाजवायचा होता. पण २६ जानेवारीला पथकात उभं राहायचं तर पांढरा गणवेश आणि पांढरे बूट स्वतःचे लागायचे. ते काही झालं नाही. मी लेझमीत गेलो, लेझीम शाळेची होती. चित्रकलेचा तास गणिताचे सर घ्यायचे आणि संगीत नावाचा विषय वेळापत्रकात होता एवढंच आठवतं. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असली तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलंय. अंशकालीन. कायद्यानेसुद्धा कलेला अर्धाच शिक्षक दिला.

त्यामुळे असेल, आमच्यासारख्यांच्या डोक्यात संगीत म्हणजे क्लास. फी भरायची, बाईंकडे जायचं, गांधर्वची परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट फ्रेम करायचं. मुलीने झूमवर प्रवेशिका पूर्णपर्यंत केलं होतं. ते आमचं खाजगी होतं, आमच्या खिशातलं. शाळेत जे चालतं ते ‘जादाचं’. इथल्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक चर्चा हमखास होते: बँडचे मार्क साध्या चाराच्या पट्टीवर मोजतात, एपी विषयाचे पाचाच्या, म्हणून बँड घेतला की जीपीए खाली येतो, म्हणून दहावीत सोडवा. गणित बरोबर आहे. मीही ते दोनदा करून पाहिलं होतं.

आता मुलीच्या क्वायरबद्दल.

तिला वाटलं होतं आपण शिकलेल्या आहोत, पुढे जाऊ. पहिल्याच महिन्यात रडकुंडीला आली. कारण तिला ऑल्टोत बसवलं. आपल्याकडे समूहगीत म्हणजे चाळीस मुलं एकच चाल गातात. इथे चार ओळी चार जणांच्या. मुख्य चाल सोप्रानोकडे, आणि हिने त्याच वेळी शेजारी वेगळंच काहीतरी धरून ठेवायचं, तेही घसरून चालीवर न जाता. वर शिक्षिका म्हणाल्या, "तुझा आवाज छान आहे, पण मला तो वेगळा ऐकू यायला नको." ज्या मुलीला वर्षानुवर्षं ‘खुला आवाज लाव’ असं शिकवलं तिला हे अपमानासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिला सोपी गेली. नवं गाणं हातात आलं की ही मुलं आधी शब्द गात नाहीत, ‘डो रे मी’ गातात, हाताच्या खुणा करत. आणि त्यांचा ‘डो’ हलता असतो. पट्टी बदलली की ‘डो’ही सरकतो. म्हणजे आपला षड्जच की! शेजारच्या मुलीला तिने सरगम शिकवली. त्या बदल्यात त्या मुलीने तिला ऑल्टोची ओळ धरायला शिकवलं, कानात बोट घालून. डिसेंबरच्या कार्यक्रमात मी तिसऱ्या रांगेत बसून तिचा आवाज शोधत होतो. सापडला नाही. घरी येताना ती खूश होती, सापडला नाही म्हणून. (तिथे ख्रिसमसची गाणी होती, त्यावर ग्रुपवर कोणीतरी ‘सरकारी शाळेत धर्म’ म्हणून कुरकुर केली. त्याच कार्यक्रमात एक हिब्रू गाणं होतं आणि एक आफ्रिकेतलं. असो.)

करवाढीकडे येतो. हे नीट समजून घ्या, कारण मी समजून घेतलं नव्हतं.

ओहायोत शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात घरांवरच्या स्थानिक करातून येतो. हा कर ‘मिल’मध्ये मोजतात. घराच्या बाजारमूल्याच्या ३५ टक्के रक्कम करपात्र धरायची आणि त्यातल्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर म्हणजे एक मिल. आमच्या मतपत्रिकेवर सहा मिलची मागणी होती. चार लाख डॉलरच्या घराला वर्षाला ८४० डॉलर. महिन्याला सत्तर.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या भागातल्या घरांचं पुनर्मूल्यांकन झालं होतं. आमच्या घराची किंमत कागदावर भरपूर वाढली, शेजाऱ्यांपेक्षा जरा जास्तच, आणि कराचं बिल वाढून आलं. मला वाटलं, सगळ्यांची बिलं वाढली म्हणजे शाळेकडे पैसा धो धो गेला असणार, मग आणखी कशाला मागतायत? ग्रुपवरही हेच चाललं होतं. मोठ्या साहेबांचे पगार बघा, नवीन स्टेडियमचे दिवे बघा वगैरे. ऑफिसात तेव्हा लेऑफच्या बातम्या होत्या. मी विरोधात मत दिलं आणि कामाला गेलो.

खरी गोष्ट अशी की इथे १९७६ सालचा एक कायदा आहे, हाऊस बिल ९२०. मतदारांनी मंजूर केलेल्या बहुतेक करांबाबत तो सांगतो की जुन्या घरांच्या किमती वाढल्या तरी त्या करातून मिळणारी एकूण रक्कम वाढवायची नाही, दर आपोआप खाली आणायचा. ज्याच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली त्याचं बिल वाढतं, पण शाळेच्या हातात बहुतांशी तेवढेच डॉलर. थोडा भाग वाढतो, फार नाही. शिक्षकांचे पगार, त्यांचा आरोग्यविमा, बसचं डिझेल मात्र वाढत राहतं. म्हणून शाळा दर तीन-चार वर्षांनी मतदारांच्या दारात झोळी घेऊन उभी राहते. ती हावरट असते म्हणून नव्हे, तिला तशीच बांधून ठेवली आहे म्हणून. घरांच्या करावर एवढं अवलंबून राहणारी ही पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही असं ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितलं, २००२ मध्ये पुन्हा सांगितलं. पद्धत अजून बऱ्यापैकी तीच आहे. मी या राज्यात चौदा वर्षं घराचा कर भरतोय आणि यातलं काही मला माहीत नव्हतं.

लेव्ही काहीशे मतांनी पडली.

डिसेंबरात कपातीची यादी आली. पाचवीला सुरू होणारा बँड बंद. क्वायरच्या शिक्षिकेचं पद अर्धं. बँडची फी ३५० डॉलरवरून ६०० वर. बाहेरगावच्या मॅचला बँडसाठी बस नाही. यादी वाचत असताना मुलगी म्हणाली, "बाबा, आपण तर बाजूने दिलं ना?" मी म्हणालो, मतदान गुप्त असतं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि जेवायला लागली.

जानेवारीत शाळेच्या बोर्डाच्या सभेला गेलो. कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतं. एक म्हातारे गृहस्थ बोलले. पेन्शनवर जगतात, घराचं कर्ज कधीच फिटलंय, पण आता कराचा हप्ताच जुन्या कर्जाच्या हप्त्याएवढा झालाय म्हणाले. त्यांनी स्वतः याच शाळेत ट्रॉम्बोन वाजवला होता. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांना माझ्यासारखा बारा महिने पगार येत नाही. त्यांच्या ‘नको’ला कारण होतं, माझ्या ‘नको’ला फक्त गैरसमज होता. मी बोलायला नाव दिलं होतं, पण नाव पुकारल्यावर उठलो नाही.

मग आम्ही गाद्या विकल्या. थट्टा नाही. इथे बँडच्या पालकांची बूस्टर म्हणून संघटना असते आणि पैसे उभे करण्याचा एक रूढ मार्ग म्हणजे एका रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात गाद्यांचं प्रदर्शन भरवणं. गाद्या कंपनीच्या, कमिशन बँडला. पोरं गादीचा झगा घालून रस्त्याच्या कडेला नाचतात. मी दिवसभर उभं राहून लोकांना म्हणत होतो, जरा पडून बघा. चार गाद्या खपवल्या, एक मीच घेतली.

मुलाच्या सेक्शनमध्ये एक मुलगा होता, त्याची आई रात्रपाळी करायची. फेब्रुवारीत जेवताना आमचा म्हणाला, "तो पुढच्या वर्षी नाही येणार. सहाशे खूप आहेत म्हणे." आणि पुढे, "बाबा, तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो." मी बूस्टरच्या खजिनदारांना सांगितलं, अशा मुलांसाठी थोडे पैसे बाजूला असतात, कुणाला कळू न देता भरतात. पण त्या मुलाने विचारायला तर हवं. पंधरा वर्षांचा मुलगा विचारत नाही. मीही पीटीच्या सरांना बुटांबद्दल कधी विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये राज्याच्या संगीतशिक्षक संघटनेची स्पर्धा असते. तीन परीक्षक तयार केलेल्या रचना ऐकतात आणि मग सगळ्यांना दुसऱ्या खोलीत नेतात. तिथे कधीही न पाहिलेली रचना पुढ्यात ठेवतात. काही मिनिटं वाचायला, त्यात एकही सूर वाजवायचा नाही, शिक्षक बोलून, बोटं हलवून समजावतात. मग सरळ वाजवायची. पाठांतर नाही, क्लास नाही, एकटा हुशार मुलगा काही वाचवू शकत नाही. मुलगा सांगत होता, मधेच क्लॅरिनेटवाले हरवले, तर सूझाफोन-ट्युबावाल्यांनी ठोके इतके पक्के धरले की चार मात्रांनी क्लॅरिनेट परत आले. "आम्ही त्यांना घेऊन आलो," म्हणाला. एक ते पाच अशा श्रेणीत एक मिळाली. गांधर्वच्या सगळ्या सर्टिफिकेटांत हे कुठे मोजतात मला माहीत नाही. आणि हे वाजवायला शंभर जण लागतात, म्हणजे शंभरांना पाचवीपासून कोणीतरी फुकट शिकवलेलं लागतं. अमेरिकेत हे बॉस्टनला १८३८ साली सुरू झालं. लोवेल मेसन नावाच्या माणसाने सार्वजनिक शाळेत संगीत हा विषय आणला, वाचन-गणितासारखा सगळ्यांसाठी. तेव्हापासून पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यावरच, आणि तरी तो टिकलाय.

बूस्टरवर सगळं चालेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: आमच्याकडे गाद्या खपतात कारण गादी घेणारी घरं आहेत. इथून वीस मिनिटांवरच्या शाळेत ती सोय नाही.

मे महिन्यात तीच लेव्ही पुन्हा मतपत्रिकेवर आली. या वेळी मी संध्याकाळी आमच्या कॉलनीत घरोघर फिरलो. आपल्या लोकांच्या घरी जास्त. निम्म्या घरांतून एकच उत्तर: "अहो, आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, आम्हाला कुठे मत?" दहा-दहा, बारा-बारा वर्षं कर भरणारी माणसं, मुलं याच शाळेत, आणि मत नाही. ज्यांना आहे त्यांतल्या अनेकांना मे महिन्यात निवडणूक असते हेच माहीत नव्हतं. एका काकूंनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "तुम्ही नोव्हेंबरात काय दिलं होतंत?" मी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. घरी येऊन मग मुलीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू खोटं बोलताना चष्मा पुसतोस."

लेव्ही पास झाली, थोडक्यात. फी परत ४०० वर आली, बस परत आली. पाचवीचा बँड आला नाही, पुढे बघू म्हणतायत. आणि क्वायरच्या बाईंनी एप्रिलमध्येच दुसऱ्या गावात नोकरी घेतली होती. अर्ध्या पदावर, अर्ध्या पगारावर मे महिन्यातल्या मतमोजणीची वाट कोण बघत बसेल? मेच्या शेवटच्या कार्यक्रमात त्यांनी हात खाली घेतल्यावरही मुलं जागची हलेनात. आता पद पूर्ण झालंय, जाहिरात निघाली. नवे सर चांगले आहेत, असं मुलगी म्हणते. बारावीत आहे, एक वर्षासाठी पुन्हा नव्याने ओळख.

आता ऑगस्ट आहे, बँडचं शिबिर चालू आहे. मी पाण्याच्या टाक्या भरायच्या ड्यूटीवर आहे. रात्रपाळीवाल्या बाईंचा मुलगा आलेला नाही. पूर्वी सहा सूझाफोन मैदानात असायचे, यंदा चार. उरलेले दोन वाद्यांच्या खोलीत केसमध्येच आहेत. गुरुवारी खोली आवरायची होती, तेव्हा मी ते बाहेर काढले, पुसले, व्हॉल्व्हला तेल घातलं आणि पुन्हा आत ठेवून दिले. दोन्हीच्या नंबरांसमोर रजिस्टरमध्ये नावाचा रकाना रिकामा आहे.